स्लो कुकर रात्रभर लावण्याआधी

पहाटे पाचला स्वयंपाकघरात गेले तर स्लो कुकर नेहमीसारखा चालू. झाकणाला आतून वाफ धरलेली, व्हिनेगर आणि लसणाचा वास पार जिन्यापर्यंत आलेला. रविवार होता, दुपारी बरीच माणसं जेवायला यायची होती आणि पोर्क वेळेवर तयार होणार असं कुणीही म्हटलं असतं. तेवढ्यात मायक्रोवेव्हकडे लक्ष गेलं. घड्याळात वेळ नव्हती, नुसते बाराचे आकडे लुकलुकत होते. म्हणजे रात्री वादळात वीज गेली होती आणि आम्ही झोपेत असतानाच परतही आली होती. दहा मिनिटं गेली की तीन तास, हे सांगणारं घरात काहीच नव्हतं.

आमचा कुकर फिरवायच्या बटणाचा. असे कुकर वीज आली की गुपचूप पुन्हा सुरू होतात. (डिजिटल कुकर बहुतेक बंदच राहतात. सकाळी भांडं गार लागतं, निदान कळतं तरी.) मांसाच्या मधोमध थर्मामीटर खुपसला. रात्री अकराला 'लो'वर लावलेला साडेतीन किलोचा तुकडा, एव्हाना बराच पुढे गेलेला असायला हवा होता. आकडा 54 अंश सेल्सिअसवर थांबला.

नवरा म्हणाला, "वास तर छान येतोय गं. हायवर टाक, अजून चार तास उकळू दे. मग काय राहणार आहे त्यात?"

राहतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे. साधारण 4 ते 60 अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू सर्वांत वेगाने वाढतात. या पट्ट्यात अन्न दोन तासांहून जास्त ठेवू नका, आणि हवाच 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नको, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. पुढे उकळून जंतू मरतील, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू मागे जे विष सोडून जातो ते उकळल्यानेही जात नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू तर शिजण्यातूनही वाचतात आणि मांस बराच वेळ कोमट राहिलं की पुन्हा वाढीला लागतात. यातलं काही वासावरून ओळखता येत नाही, चवीवरूनही नाही. त्यामुळे 'जरा चाखून बघू' हा आपला पिढीजात उपाय इथे कामाचा नाही. तुम्ही घरात नव्हता आणि वीज गेली, तर मांस शिजलेलं दिसलं तरी टाकून द्या, हा त्याच खात्याचा सल्ला. झोपलेलं माणूसही घरात नसल्यासारखंच.

सगळं मांस पिशवीत बांधून टाकलं. हात जड झाला. त्यात एका जनावराचा जीव गेलेला असतो, हे मी कधी विसरत नाही. पण पाहुण्यांत एक गरोदर मुलगी होती आणि ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. दुपारी सगळ्यांनी अंड्याचं कालवण आणि पाव खाल्ला.

मी मूळची वसईची. आमच्याकडे सणाला इंद्याल होतं. डुकराचं मांस, व्हिनेगर, लसूण, लाल मिरची. गोव्याच्या विंदालूचं आणि त्याचं मूळ एकच, पोर्तुगीजांची व्हिनेगर-लसणात मांस मुरवायची रीत. म्हणून नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर इथलं पुल्ड पोर्क, म्हणजे दोरे सुटेपर्यंत शिजवलेलं डुकराचं मांस, मला परकं वाटलंच नाही. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजतात आणि वर फक्त व्हिनेगर, मीठ आणि मिरचीचं पाणी. टोमॅटोचा थेंब नाही. लेक्सिंग्टनकडे नुसता खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात. दोन्हीकडची माणसं आपापल्या चवीसाठी हिरिरीने भांडतात. एडन गावात 'स्कायलाइट इन' ही खानावळ 1947 पासून लाकडावरच भाजते आहे. तिथलं मांस खाल्लेला माणूस स्लो कुकरमधल्या पोर्कला बार्बेक्यू म्हणणार नाही, आणि ते बरोबरच आहे. धूर कुकरमध्ये येत नाही, तो बाटलीतूनही आणू नये.

पण लाकडावर रात्रभर भाजतात तिथे जागं माणूस असतं. आईचं इंद्याल चुलीवर असायचं तेव्हा तीही शेजारीच बसलेली असायची. स्लो कुकरच्या बाबतीत राखण करणारं माणूसच आपण काढून टाकतो. हे यंत्र निघालं तेच त्यासाठी. अर्विंग नॅक्सन या संशोधकाने लिथुआनियातल्या ज्यू घरांत शब्बाथसाठी बेकरीच्या भट्टीत रात्रभर ठेवायच्या चोलंट नावाच्या कालवणावरून कल्पना घेतली, आणि 1971 मध्ये 'क्रॉक-पॉट' बाजारात आला तो दिवसभर नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी उचलून धरला. सोय खरी आहे, मी ती सोडलेली नाही. फक्त राखणीचं काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवायला हवं.

माझ्या घरी आता ते काम दोन वस्तूंकडे आहे. एक, बिनतारी थर्मामीटर; त्याची सुई मांसात, डबी माझ्या उशाशी. तापमान ठरवलेल्या आकड्याखाली घसरलं की वाजणारा घ्यावा, सगळे वाजत नाहीत. दुसरी वस्तू स्वस्त आणि मला जास्त आवडते: प्लगवर चालणारं, बॅटरी नसलेलं जुनं काट्यांचं घड्याळ. वीज जितका वेळ जाते बरोबर तितकंच ते मागे पडतं. सकाळी हातातल्या घड्याळाशी ताडून बघायचं. पाचदहा मिनिटांचा फरक असेल तर काळजी नाही, दोन तासांचा असेल तर विचार करत बसायचं नाही. तुम्ही जागे असताना वीज गेली तर गोष्ट वेगळी. मांस लगेच जाड बुडाच्या पातेल्यात काढून गॅसवर पुरं करा.

वसईच्या नातेवाइकांचं म्हणणं, आमच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये टायमर आहे, रात्री भरून ठेवलं की पहाटे आपोआप सुरू होतो. कच्च्या मांसासाठी तो टायमर वापरूच नये. मे महिन्यातल्या वसईत कच्चं मांस पाच तास ओट्यावर ठेवण्यासारखंच ते आहे, शिवाय पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही.

आता मांसाचं. खांद्याचा वरचा भाग घ्यावा, इथे त्याला बॉस्टन बट म्हणतात. वसई-गोव्यात खाटकाला चरबीसकट खांदा मागितला की पुरे. पुठ्ठ्याचं, पाठीचं मांस नको, ते कोरडं पडतं. पोर्क 63 अंशांना खायला सुरक्षित होतं, पण खांदा त्या तापमानाला चामड्यासारखा चिवट लागतो. त्यातल्या पांढऱ्या ताण्यांचं, म्हणजे कोलॅजनचं, जिलेटिन व्हायला 71 च्या आसपास सुरुवात होते आणि दोरे सुटे व्हायला 90 ते 96 गाठावे लागतात. वेळ लागतो तो याला. झालं की नाही ते हाडाला विचारावं: खांद्याचं चपटं हाड दोन बोटांत धरून ओढलं तर मांसाचा कण न घेता स्वच्छ बाहेर आलं पाहिजे. अडकलं तर अजून तासभर.

गोठलेला तुकडा कुकरमध्ये कधीच टाकू नये. साडेतीन किलोचा बर्फ फ्रिजमध्ये सुटायला दोन दिवस धरा. तुकड्याचे दोन भाग केले तर आत उष्णता लवकर पोचते. पहिला तास हायवर, मग लोवर. मसाला लावून भांडंच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत मला पटत नाही, गार सिरॅमिक तापायलाच खूप वेळ खातं. मसाला वेगळ्या डब्यात मुरवावा. पाणी एका कपाच्या वर नको, मांस स्वतःच सोडतं. झाकण उघडायचा मोह टाळा. दर खेपेला अर्ध्या तासाची उष्णता जाते.

मांस दोन काट्यांनी सोडवताना रस टाकून देऊ नका. वरची चरबी काढून थोडा रस परत मांसात घाला, आणि व्हिनेगर अगदी शेवटी, म्हणजे त्याचा आंबटपणा जिवंत राहतो. उरलेलं कुकरमध्येच गार होऊ देणं धोक्याचं, जाड भांडं तासन्‌तास कोमट राहतं. पसरट डब्यांत दोन इंचांहून जाड थर न करता भरावं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं. तीन-चार दिवसांत संपवावं. पुन्हा गरम करायचं ते गॅसवर, 74 अंशांपर्यंत. स्लो कुकरला तेवढं चढायला फार वेळ लागतो. फ्रीझरमध्ये ठेवायचं तर रसासकट ठेवा आणि पाकिटावर तारीख लिहा.