गमलिएलाचा शिष्य

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र 3:4-8, प्रेषितांचीं कृत्यें 22:3

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे पनवेल तालुक्यांतील आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : मुंबईच्या कोणत्या कॉलेजांत जागा मिळाली? ज्यास नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळाला त्याचें उपासनेनंतर अभिनंदन होतें. ज्यास मिळाला नाहीं तो कोणाशीं न बोलतां घरीं जातो.

मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें, आणि 1862 सालीं रानडे, भांडारकर प्रभृति पहिले पदवीधर तेथून बाहेर पडले. त्या विद्येनें देशाचें मोठें हित झालें, हें कोणीहि नाकारूं नये. पण तिच्या मागोमाग एक विपरीत चालहि आली. परीक्षेंत न उतरलेले लोकसुद्धां आपल्या नांवापुढें 'बी. ए. नापास' असें लिहूं लागले! ज्या संस्थेनें परत पाठविलें, तिच्याच मापानें मनुष्य स्वतःस मोजूं लागला.

पौलाचा गुरु गमलिएल यरुशलेमांत सर्वमान्य होता. खवळलेल्या जमावानें आपलें ऐकून घ्यावें म्हणून पौल त्याचें नांव सांगतो. परंतु फिलिप्पैकरांस लिहितांना तो आपलें कुळ, वंश, परूशीपण हीं सर्व मोजून दाखवितो आणि ख्रिस्ताच्या ज्ञानापुढें तीं तोट्याचीं ठरवितो. तेथें गमलिएलाचें नांवहि येत नाहीं. मात्र त्यानें विद्या टाकली नाहीं. त्याच्या पत्रांत ती पानोपानीं दिसते. टाकला तो तिच्यावरचा भरंवसा. तेव्हां अभ्यास सोडण्यास ह्या वचनाचा आधार कोणी घेऊं नये.

आपल्या महाराष्ट्रांत हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत पाहावें. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. पुढें इंग्लंडांत चेल्टनहॅमच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत. अशा विदुषीनें उत्तर वयांत काय केलें? केडगांव येथें निराधार स्त्रियांमध्यें राहून इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि त्या स्त्रियांस समजेल अशा साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. संस्कृताच्या ह्या पंडितेनें जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. 1922 सालीं त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 सालीं प्रसिद्ध झाला. लोक त्यांस अजूनहि पंडिताच म्हणतात, व तें योग्यच आहे.

चर्चेकरितां : आपल्या मंडळींत एखाद्या तरुणाची ओळख करून देतांना आपलें पहिलें वाक्य कोणतें असतें? कॉलेजाचें नांव वगळलें, तर त्याच्याविषयीं आपणांस दुसरें काय ठाऊक आहे?