वर्गात सोंग काढताना

पोरी, तेरच्या शाळेत रुजू होते आहेस, म्हणून चार गोष्टी कानात सांगून ठेवतो. गोरोबाकाकांच्या या गावातली पोरं कीर्तन ऐकत मोठी होतात. रंगलेलं आणि रटाळ यातला फरक त्यांना लगेच कळतो.

गलका झाला की आवाज चढवू नकोस, उतरव. काय चाललंय ते ऐकायला पोरं आपोआप गप्प होतात. मात्र वाक्याचा शेवट गिळायचा नाही. मागच्या बाकापर्यंत तो पोचला पाहिजे. घसा ताणू नकोस, पोटातून बोल.

नारदीय कीर्तनकार एकटाच उभा असतो, पण उपरणं डोक्याला गुंडाळलं की तोच राजा, खांद्यावर टाकलं की तोच भिकारी. तूही ओढणी डोक्यावर घे, फळ्यापासून दोन पावलं खिडकीकडं सरक आणि व्यापारीण हो. फळ्यापाशी परतलीस की पुन्हा बाई. कोण बोलतंय, याचा पोरांना घोळ होता कामा नये.

सोंगाला खरा माल लागतो, आणि तो इथं पायाखालीच आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात वाट दिली आहे, भडोचहून पैठण 20 दिवस, तिथून पूर्वेला तगर 10 दिवस. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं, तेही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. दोन बाकं जोडून गाडी कर. गाडी सुटता सुटता गाडीवानाला अडव, ‘‘किती दिवसांचा शिधा घेतलास रे?’’ सगळा वर्ग बोटं मोजायला लागतो. मग सवडीनं पोरांना गावातल्या लामतुरे संग्रहालयात ने आणि त्या काळातल्या वस्तू दाखव.

थांबायला शीक. गोरोबाकाका कुंभाराचं थापटणं घेऊन, मडकी पारखावीत तशी संतमंडळींची डोकी पारखतात, ती गोष्ट सांगताना नामदेवांपाशी आलीस की हात तसाच वर ठेव. ‘‘आता नामदेव काय करतील?’’ विचारून मनात पाच आकडे मोज. उत्तर तू द्यायचं नाहीस.

सोंगं पोरांनाही वाटून दे. बुजऱ्या पोराला बैलांच्या घुंगरांचा आवाज काढायला लाव. हळूहळू तेच गाडीवान व्हायला मागेल. पण कुणाच्या तोतरेपणाची, लंगडण्याची, घरच्या बोलीची नक्कल होऊ देऊ नकोस. वर्ग खदखदतो आणि एक पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही.

आणि हे सगळं पाच-सात मिनिटंच. मग ओढणी खाली, खडू हातात. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली की विचार, तगरहून भडोच किती दिवस? ‘तीस’ आलं तर पुढचा धडा घे. नुसती तुझी व्यापारीणच आठवत असेल, तर प्रयोग रंगला आणि पाठ पडला. मग तोच धडा पुन्हा शिकव, सोंगाशिवाय.