लू व्हिटेकरचा तक्ता वाचताना

नोकरीसाठी मिशिगनमध्ये आलो तेव्हा लू व्हिटेकर निवृत्त झालेला होता. डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाच्या या सेकंड बेसमनची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या कारकिर्दीच्या तक्त्यातूनच. तो वाचता वाचता काही गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या.

१. ठळक आकडे आधी शोधू नयेत. लीगमध्ये पहिला आलेल्याचा आकडा बेसबॉलच्या तक्त्यात ठळक छापतात. व्हिटेकर १९७७ ते १९९५ अशी १९ वर्षं एकाच संघाकडून खेळला. पण सरासरी, हिट्स, होमरन यांपैकी कशातही तो कधी पहिला आला नाही. त्याला ओळखायचं तर खालच्या बेरजेच्या ओळीवर थांबावं लागतं: २,३९० सामने, २,३६९ हिट्स, २४४ होमरन.

२. सरासरीवर समाधान मानू नये. त्याची सरासरी ०.२७६. बरी आहे, एवढंच कुणीही म्हणेल. पण या खेळात बाद न होणं हीच खरी कमाई. पिचरचे चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले आणि बॅटरने ते सोडले, की पहिला बेस आपसूक मिळतो. हा झाला वॉक. ऑफ स्टम्पबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या सलामीवीराची कदर आपल्याला आहेच. इथे त्या सोडण्याचं रोख मोल मिळतं. सरासरीत मात्र वॉक धरतच नाहीत! व्हिटेकरने १,१९७ वॉक मिळवले आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन संधी हुकून बाद, झाला १,०९९ वेळा. १९९१चा मोसम बघा. वय ३४, सरासरी ०.२७९, म्हणजे पुन्हा डोळ्यांत न भरणारी. पण होमरन २३, वॉक ९० आणि स्ट्राइकआउट अवघे ४५. १९८३मध्ये त्याने ०.३२०च्या सरासरीने २०६ हिट्स मारले होते, तरी मला १९९१च जास्त आवडतो. चेंडू पारखणारी नजर तिथे पुरती मुरलेली दिसते.

३. बरोबरीच्या माणसाशेजारी ठेवून बघावं. शिकागो कब्जचा राइन सँडबर्गही सेकंड बेसमनच. त्याचे हिट्स २,३८६, व्हिटेकरपेक्षा फक्त १७ जास्त. होमरन २८२. मात्र बेसवर पोहोचण्याचं प्रमाण सँडबर्गचं ०.३४४, तर व्हिटेकरचं ०.३६३. सँडबर्ग थोर होता, क्षेत्ररक्षणाचे नऊ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार उगाच मिळत नाहीत. २००५मध्ये तो बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, ते योग्यच झालं. पण त्याच हॉलसाठी व्हिटेकरला २००१मध्ये पत्रकारांची मतं पडली जेमतेम २.९ टक्के. पाच टक्क्यांच्या खाली राहिलेलं नाव त्यांच्या मतपत्रिकेवर पुन्हा येत नाही. एकोणीस वर्षांच्या खेळाचा निकाल एका फेरीत लागला. याची चीड मला आजही येते.

४. जोडी फोडून हिशेब करू नये. शॉर्टस्टॉप अ‍ॅलन ट्रॅमल आणि व्हिटेकर ९ सप्टेंबर १९७७ला एकाच सामन्यात पदार्पण करते झाले आणि पुढे १,९१८ सामने एकत्र खेळले. एका चेंडूवर दोघांना बाद करणाऱ्या डबल प्लेमध्ये एक चेंडू पकडून देतो, दुसरा बेसवर पाय टेकवून धावत्या गड्याला चुकवत फर्स्ट बेसला फेकतो. त्यातलं श्रेय अर्धं-अर्धं कसं कापणार? ट्रॅमल २०१८मध्ये हॉलमध्ये गेला.

५. जुन्या प्रेक्षकांना विचारावं. तो बॅटिंगला आला की टायगर स्टेडियममध्ये ‘लूऽऽऽ’ असा एकच गजर व्हायचा. परक्याला वाटावं, लोक ‘बूऽऽऽ’ करून हुर्यो उडवताहेत. असाच दुसरा किस्सा: १९८५च्या, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याला तो गणवेश विसरून आला, तेव्हा विकतच्या जर्सीवर मार्करने आपला १ नंबर काढून मैदानात उतरला.

६. चुकीच्या निकालाबद्दल पुन्हा पुन्हा बोलत राहावं. २०१९मध्ये हॉल ऑफ फेमच्या १६ जणांच्या समितीसमोर त्याचं नाव आलं. हवी होती १२ मतं, मिळाली ६. टायगर्सनी २०२२मध्ये त्याचा १ नंबर सन्मानाने निवृत्त केला. हॉल ऑफ फेममधली त्याची जागा अजून रिकामी आहे, आणि बेसबॉलचा विषय निघाला की मी १,१९७ हा आकडा काढतोच.