धरणावरचे हिवाळी पाहुणे : ओळख आणि छायाचित्रण

दिवाळी सरली की सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाच्या उथळ काठांवर पाणपक्षी उतरू लागतात. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने या धरणात पाणी येते. तो नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी हरभरा, गहू अशी गाळपेर घेतात आणि पक्ष्यांनाही तोच काठ हवा असतो. सकाळी शेंडे खुडलेले दिसले की साऱ्या पाखरांवर राग निघतो. बहुतेकांच्या बाबतीत हा राग चुकीचा आहे.

पिकात चरणारा मुख्य पक्षी म्हणजे पट्टकादंब हंस. अंग राखाडी, डोके पांढरे, डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे. तो मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो; ७००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. दिवसा पाण्याकाठी विसावतो, तिन्हीसांजेला थवा उठतो आणि रात्री गवत, हरभरा, गव्हाची कोवळी पाती खातो. करकोचेही हरभऱ्यात उतरतात. उलट थापट्या बदक आपल्या पसरट चोचीने पाणी गाळून बारीक जीव टिपते. शेकाट्या आणि तुतवार चिखलातले किडे वेचतात, तर पिवळा धोबी शेतातल्या किडींवर जगतो. काळ्या अंगाचा वारकरी मुख्यतः पाणवनस्पती खातो. त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला की हे नाव पटते.

नुकसान कोणी केले हे ठरविण्यासाठी पहाटे शेतातील पावलांचे ठसे पाहावेत. बोटांमध्ये पडदा उमटला असेल तर हंस, पडद्याविना लांब तीन बोटे असतील तर करकोचा, आणि दुभंगलेले खूर असतील तर काळवीट किंवा मोकाट जनावर. ठशाशेजारी काड्यापेटी ठेवून मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकार कळतो. हंसांचा त्रास असल्यास तिन्हीसांजेला शेतात फेरी मारावी, चमकत्या फिती बांधाव्यात. विषारी दाणे मात्र कदापि टाकू नयेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय याच धरणाचे पाणी बीड शहर पिते.

पक्ष्यांचे छायाचित्र घेताना सूर्य पाठीशी हवा. म्हणून सकाळी पूर्वेच्या काठावर, सायंकाळी पश्चिमेच्या काठावर बसावे. कपडे मातकट असावेत. बाभळीच्या आडोशाला खाली बसून वाट पाहिल्यास पक्षी आपोआप जवळ सरकतात; चालत गेल्यास उडतात. थव्याने माना उंचावल्या की तेथेच थांबावे. लांब भिंगाचा कॅमेरा नसल्यास मोबाईल दुर्बिणीच्या काचेला टेकवून धरावा. चित्र फार सुबक येत नाही, पण चोच, पाय आणि डोके स्पष्ट आले तरी ओळख पटते. हवेत उडविण्यासाठी दगड मारण्याची काहींना खोड असते. लांबून आलेल्या, थकलेल्या पाखराला त्याची किंमत मोजावी लागते.

दर वेळी वहीत तारीख, वेळ, काठाचे ठिकाण, पाण्याची पातळी आणि संख्या लिहावी. मोठ्या थव्यात प्रथम दहा पक्षी मोजून, तेवढ्या जागेच्या मापाने उरलेल्यांचा अंदाज घ्यावा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तेव्हा अशा नोंदी उपयोगी पडतात. कोरड्या सालाची पानेही भरावीत. २०१६ मध्ये केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी पक्षी कोणत्या गावतळ्यावर सरकले, हे या वहीवरूनच कळते.