मॉरिशस : अक्षर आणि मताधिकार

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. पण उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. त्यासाठी १८३४ पासून सुमारे साडेचार लाख करारबद्ध भारतीय मजूर तेथे नेण्यात आले. त्यांत मराठी माणसेही होती.

त्यांच्या श्रमावर वसाहत समृद्ध झाली. मताधिकार मात्र मूठभर धनिकांपुरताच राहिला. १९४७ च्या घटनेने साक्षर स्त्री-पुरुषांना मत दिले. तेव्हा बासदेव बिसुनदयाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी प्रौढांना अक्षरे गिरवायला शिकविले. सुमारे बारा हजार मतदारांचे १९४८ मध्ये सत्तर हजारांहून अधिक झाले. निरक्षर मजूर मात्र वंचितच राहिला. सार्वत्रिक मतदान १९५९ मध्ये आले आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. भारतीय संविधानाने तो साक्षरतेच्या अटीविना दिला. म्हणून आपल्याकडे मतासाठी अक्षराची अट नाही. परंतु त्या मताचे मोल ओळखण्यासाठी शिक्षण हवेच. निवासी शाळेचे प्रयोजन हेच आहे.