संगणकाची महाग पेटी घ्यावी का?



'केस' हा शब्द मराठीत आपल्याला तीन ठिकाणी भेटतो. डोक्यावरचा तो केस, कोर्टातली ती केस आणि संगणकाचे सगळे भाग ज्यात बसवतात तीही केस! गोंधळ नको म्हणून या पाठात आपण तिला 'पेटी' म्हणू. (बाजाची पेटी वेगळी, बरं का!)

सुट्टीत स्वतः संगणक जोडायचा बेत आपल्यापैकी बरेच जण करतात. भागांची यादी करताना गाडी पेटीपाशी अडते. पेटी ६० डॉलरलाही मिळते आणि ३०० डॉलरलाही. आई-बाबा विचारतात, "नुसत्या डब्याला एवढे पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही तो मुद्देसूद सोडवायचे ठरवले.

१. पेटीचे काम काय?
पेटी आकडेमोड करत नाही आणि चित्रेही दाखवत नाही. त्यामुळे महाग पेटीने संगणक वेगवान होत नाही. मात्र वाईट पेटीने तो मंद होऊ शकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड काम करताना तापतात. प्रोसेसरचे तापमान साधारण ९५ ते १०० अंश सेल्सियसपर्यंत गेले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

म्हणून पेटीत हवा खेळती हवी. जुन्या वाड्यात दारा-खिडक्यांतून वारा आत येतो आणि गरम हवा चौकातून वर निघून जाते. पेटीतही तसेच असते. पुढचे पंखे थंड हवा आत घेतात, मागचे आणि वरचे पंखे गरम हवा बाहेर टाकतात. पुढची बाजू पूर्ण काचेने बंद केली, तर पंखे कितीही असोत, त्यांना हवा मिळणार कुठून? म्हणूनच पुढे जाळी असलेली ८० डॉलरची पेटी काचबंद २०० डॉलरच्या पेटीपेक्षा थंड राहू शकते.

२. धूळ
आपल्या घरांत गालिचे असतात, कुणाकडे कुत्रा-मांजर असते. केस आणि धूळ पंख्यांत अडकते. तेव्हा फिल्टर सहज काढून धुता येतो का, हे आधी पाहावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि फटींतून धूळ आत शिरत नाही.

३. जास्तीचे पैसे कशाचे?
काही पैसे उपयोगाचे असतात. जाड पत्रा पंख्यांबरोबर थरथरत नाही. कडा दुमडलेल्या असल्या की हात कापत नाही. मागे वायरींना जागा असते आणि पंखे चांगले असतात. १४० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो, त्यामुळे आवाज कमी होतो.

काही पैसे शोभेचे असतात. रंगीत दिवे, काच, ॲल्युमिनियम हे त्यातलेच. ॲल्युमिनियम हलके आणि देखणे असते. पण नेहमीच्या पेटीत तापणारे भाग पत्र्याला टेकलेले नसतात, त्यामुळे नुसत्या धातूने फारसा थंडावा मिळत नाही. ॲपलने २०१९ साली काढलेल्या मॅक प्रोला चार चाके हवी असतील, तर ४०० डॉलर जादा पडत. हौसेला मोल नसते, ते असे!

किंमत म्हणजे सुरक्षिततेची हमीही नव्हे. एनझेडएक्सटी कंपनीची एच-१ ही पेटी सुमारे ३५० डॉलरला विकली जात असे. आतल्या दोन स्क्रूंमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका असल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत ती परत मागवण्यात आली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

४. पेटी किती टिकते?
इंटेलने १९९५ साली 'एटीएक्स' हे माप ठरवले. मदरबोर्डचा आकार आणि स्क्रूंच्या भोकांच्या जागा त्यात निश्चित झाल्या. ते माप आजही चालते. म्हणजे आतले भाग बदलले, तरी चांगली पेटी तीच राहू शकते. फक्त नवे ग्राफिक्स कार्ड लांबीला मावेल का, हे मोजून पाहावे.

आता हिशेब करू. ६० डॉलरची पेटी ४ वर्षांत टाकावी लागली, तर वर्षाला १५ डॉलर पडले. १२० डॉलरची १० वर्षे वापरली, तर वर्षाला १२. म्हणजे इथे स्वस्त तेच महाग ठरले! पण ३०० डॉलरची पेटी १० वर्षे वापरूनही वर्षाला ३० पडतात.

५. मग काय करावे?
संगणकासाठी घरून १००० डॉलर मिळाले आहेत असे समजा. पेटीवर ३०० गेले, तर उरतात ७००. हे जास्तीचे पैसे मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्यातून जातात आणि संगणकाचे खरे काम तर तेच करतात. म्हणून आमचे मत असे: अगदी स्वस्त नको, भपकेबाज नको. जाळी, फिल्टर, दुमडलेल्या कडा आणि पुरेशी जागा या चार गोष्टी मिळेपर्यंत पैसे द्यावेत. त्यापुढचे पैसे हौसेचे. हौस करायला हरकत नाही, पण तिला गरज म्हणू नये. आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत.

शब्दार्थ
रास्त – योग्य
खेळती हवा – अडथळ्याशिवाय आत-बाहेर होणारी हवा
भपकेबाज – नुसताच दिखाऊ
अंथरूण पाहून पाय पसरणे – ऐपतीप्रमाणे खर्च करणे

स्वाध्याय
१. 'तो केस' आणि 'ती केस' यांचे एकेक वाक्य करा.
२. ९० डॉलरची पेटी ६ वर्षे टिकली, तर वर्षाला किती डॉलर पडले?
३. घरातली एखादी महाग वस्तू निवडा. तिच्या किमतीत उपयोग किती आणि शोभा किती, हे आई-बाबांशी मराठीत बोलून पाच ओळींत लिहा.