मजल दरमजल

मानखुर्दहून वाशीकडे जाणारी लोकल पुलावर आली, की खिडकीतून खाली पाहा. खाडीचे पाणी दिसेल. हे समुद्राचेच पाणी आहे. म्हणजे मानखुर्दमध्ये राहणारा माणूस समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर राहतो. जवळचा ट्रॉम्बेचा डोंगर आपल्याला उंच वाटतो. पण त्याची उंची सुमारे 300 मीटरच आहे.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. ते अकोले तालुक्यात आहे. त्याची उंची 1646 मीटर. पायथ्याच्या बारी गावातून सकाळी निघालेला माणूस शिखर चढून संध्याकाळपर्यंत खाली येऊ शकतो. आता नकाशात हिमाचल प्रदेश शोधा. तेथे कुलू जिल्ह्यात पार्वती नदीच्या काठी कसोल नावाचे गाव आहे. ते सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे. कसोलला बस जाते. म्हणजे आपल्या राज्याची उंची जेथे संपते, जवळजवळ तेथूनच कसोलची पायवाट सुरू होते!

कसोलहून सर पास या खिंडीकडे जाणारी वाट प्रसिद्ध आहे. खिंड सुमारे 4200 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातही तेथे बर्फ असतो. युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1949 साली स्थापन झाली. या संस्थेच्या मोहिमांतून महाराष्ट्रातील अनेक तरुण या वाटेने चालून आले आहेत. वाट ठरलेली असते. पहिले दिवस कसोललाच काढायचे. तेथे जवळपासच्या टेकड्यांवर चालण्याचा सराव होतो. मग ग्रहण हे गाव, सुमारे 2350 मीटर. मग देवदारांच्या जंगलातला मुक्काम. मग मिंग थाच, सुमारे 3400 मीटर. मग नगारू, सुमारे 3800 मीटर. त्यानंतर खिंड ओलांडून पलीकडे बिस्केरीला उतरायचे.

तुम्ही विचाराल, ‘पाय मजबूत असतील, तर दोन दिवसांतच वर का जाऊ नये?’ याचे उत्तर पायांत नाही, श्वासात आहे.

हवेलाही वजन असते. समुद्रकाठी आपल्या डोक्यावर हवेचा सगळा थर असतो, म्हणून खालची हवा दाबलेली, दाट असते. जसजसे वर जावे, तसतशी हवा विरळ होते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलत नाही. पण हवाच कमी, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही कमी. मानखुर्दमध्ये एका श्वासात पाच हिस्से ऑक्सिजन मिळतो असे धरले, तर सर पासवर साधारण तीनच हिस्से मिळतो.

आपले शरीर हुशार आहे. ते या कमतरतेशी जुळवून घेते. श्वास जलद होतो, हृदय अधिक वेगाने चालते, रक्तातही हळूहळू बदल होतात. मात्र त्यासाठी त्याला दिवस लागतात. शरीराला वेळ दिला नाही, तर डोके दुखते, मळमळते, भूक मरते, झोप लागत नाही. हा उंचीचा आजार. तो दुबळ्यालाच होतो असे नाही. रोज व्यायाम करणाऱ्या धट्ट्याकट्ट्या तरुणालाही होतो. उलट, असा तरुण जोरात चढतो आणि लवकर आजारी पडतो. म्हणून जाणकारांनी नियम सांगितला आहे: 3000 मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम सुमारे 500 मीटरपेक्षा फार वर नसावा.

येथे तुम्हांला एक ओळखीचा शब्द भेटेल. एका दिवसात चालून जाण्याच्या अंतराला मराठीत ‘मजल’ म्हणतात. हा शब्द ‘मंजिल’ या शब्दापासूनच मराठीत आला. टप्प्याटप्प्याने प्रवास करणे म्हणजे ‘मजल दरमजल करीत जाणे’. ‘मंजिल’ म्हटले, की शेवटी जेथे पोहोचायचे ते ठिकाण आपल्या डोळ्यांसमोर येते. पण डोंगरात रोजची मजल हीच त्या दिवसाची मंजिल असते. ग्रहणला पोहोचलात, जेवलात, शांत झोपलात, की त्या दिवसाचे काम पुरे झाले.

ही मजल ठरवतो तो वाटाड्या. बहुधा तो जवळच्याच गावचा असतो. कोणत्या वेळी बर्फ घट्ट असते, कोणता ढग पाऊस आणतो, ओढा कोठे ओलांडावा, हे त्याला ठाऊक असते. तो आघाडीला चालतो, तर त्याचा एक साथीदार पिछाडीला. पिछाडीच्या माणसाच्या मागे कोणीही राहायचे नाही आणि वाटाड्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग, तोच साऱ्या तुकडीचा वेग. शाळेच्या मैदानावर पहिल्या येणाऱ्याला बक्षीस मिळते; डोंगरात सर्व जण बरोबर पोहोचले, तरच जिंकले.

नगारूहून पहाटेच्या अंधारातच निघतात. तेव्हा बर्फ कडक असते. वाटाड्या बुटाच्या टोकाने त्यात खाच पाडतो. मागच्याने त्याच खाचेत पाय ठेवायचा. ऊन चढले, की बर्फ मऊ होते आणि पाय रुतू लागतात. दुपारनंतर हवाही बिघडू शकते. म्हणून लवकर निघायचे आणि लवकर उतरायचे. पलीकडच्या उतारावर बर्फावरून बसून घसरत जाण्यात मोठी गंमत असते. पण तेथेही वाटाड्याने खूण केल्यावरच, एका वेळी एकानेच उतरायचे.

समजा, मिंग थाचला रात्री तुमचे डोके दुखू लागले. शेजारचा मित्र हसत आहे, उद्या नगारूला जायचे आहे. मनात येईल, ‘सांगितले तर मला मागे ठेवतील. सगळे चिडवतील. गप्प बसावे.’ मित्रांनो, डोंगरातला सर्वांत मोठा धोका तो हाच. साधी डोकेदुखी विश्रांतीने बरी होते. पण ती लपवून वर गेलात, तर आजार मेंदूत किंवा फुप्फुसात शिरू शकतो. माणूस अडखळतो, बरळतो, बसल्या जागी धापा टाकतो. मग एकच खरा उपाय उरतो: ताबडतोब खाली उतरणे. उशीर झाला, तर प्राणही जातो. म्हणून पहिल्याच दुखण्याला वाटाड्याला सांगा. त्याने ‘थांब’ म्हटले, तर थांबा. ‘परत फिर’ म्हटले, तर फिरा. खिंड पुढच्या वर्षीही तेथेच असेल.

आणि मित्र असे काही सांगत असेल, तर त्याला हसू नका. त्याची सॅक उचला.

मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. जगातील सर्वांत उंच जागी, 8849 मीटरवर! त्याआधी त्यांनी अनेक महिने शिक्षण घेतले होते. मोहिमेसाठी निवडलेले सर्वच विद्यार्थी शिखरापर्यंत गेले नाहीत. पण जे खाली राहिले, त्यांनीही तीच शिस्त पाळली आणि तेही डोंगर चढलेच.

तुम्हांलाही जायचे आहे ना? मग तयारी आजपासून करता येईल. इमारतीचे जिने पाठीवर दप्तर घेऊन चढा. बोलताना धाप लागणार नाही, इतक्याच वेगाने चढा. पुढे एखाद्या रविवारी मोठ्यांबरोबर कळसूबाईला जा. हिमालयाची मजल अजून दूर आहे. पण पहिली मजल जिन्याच्या पहिल्या पायरीपासून मोजता येते.

शब्दार्थ
मजल – एका दिवसाच्या प्रवासाचे अंतर
वाटाड्या – वाट दाखवणारा, रहनुमा
खिंड – दोन डोंगरांमधील वाट
विरळ – दाट नसलेली
धापा टाकणे – जोरजोराने श्वास घेणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) नगारूहून पहाटे का निघतात?
2. कारणे लिहा.
(अ) उंचावर प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो.
(आ) डोकेदुखी लपवणे धोक्याचे असते.
3. ‘सर्व जण बरोबर पोहोचले, तरच जिंकले.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
4. उपक्रम : मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे, प्रवासाशी संबंधित पाच शब्द शोधा. त्यांच्या अर्थांत फरक आहे का, ते पाहा.